सरासरीचे भूत

सायकल हे गरिबाचे वाहन, अशी समजूत आमच्या कागलात अगदी परवापर्यंत पक्की होती. पहाटे किटल्या अडकवून निघालेले दूधवाले, पाळीची वेळ गाठायला निघालेले कारखान्याचे कामगार, नळीवर धाकट्या भावाला बसवून शाळेला जाणारी पोरे आणि तासाच्या भाड्याने आणलेली सायकल परत करताना दहा मिनिटांवरून दुकानदाराशी हुज्जत घालणारे आम्ही, एवढा तिचा परिवार. घरात पहिली मोटारसायकल आली की सायकल परड्यात भिंतीला टेकून उभी राही आणि एखाद्या दिवाळीला भंगारात जाई. तीच सायकल गेल्या दहा-बारा वर्षांत पुन्हा पुढच्या दाराने घरात आली आहे. आता तिचे वजन आठ-नऊ किलो असते, तिला मडगार्ड नसते, कॅरिअर नसते, घंटी असली तर असते. आणि किंमत ऐकून विचारणारा मटकन खाली बसतो. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतली माणसे, कॉलेजातली मुले-मुली अशी मंडळी डोक्याला हेल्मेट घालून रविवारी उजाडायच्या आत निपाणी रस्त्याला लागलेली दिसतात. त्यांच्यातलाच एक मी.

या सायकलींच्या हँडलवर मधोमध काडेपेटीहून थोडे मोठे असे एक यंत्र बसवलेले असते. जाहिरातींत त्याला जी.पी.एस. बाइक कॉम्प्युटर म्हणतात; आमच्याकडे 'मीटर' म्हटले की काम भागते. रस्त्याकडेच्या एका टपरीवर चहा पिताना एका आजोबांनी माझे मीटर बराच वेळ निरखले आणि विचारले, "ह्ये आभाळातल्या उपग्रहावरनं रस्ता दावतंय म्हंता?" मी होय म्हणालो. "आनि तुमी चाललाय कुठं?" म्हटले, निपाणीला. "मग त्यात दावायचं काय हाय? नाकासमोर जायाचं की!"

आजोबांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. निपाणीचा रस्ता चुकायचा म्हटले तरी चुकता येत नाही. पण हे यंत्र घेणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना रस्ता विचारायचाच नसतो. त्यांना स्वतःविषयी काही विचारायचे असते. मी किती गेलो, किती वेगाने गेलो, कालच्यापेक्षा बरा गेलो का, आणि शेजाऱ्यापेक्षा? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देणारे यंत्र म्हणून ते विकले जाते. गेल्या वर्षभरात चार-पाच पालकांनी मला विचारले, "मुलगा मीटर मागतोय, घ्यावं का?" किंमत चार-पाच हजारांपासून सुरू होते आणि पन्नास-साठ हजारांच्याही पुढे जाते, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. माझे उत्तर ठरलेले आहे. घ्या, पण घरी आणल्या दिवशी त्याच्या पडद्यावरून सरासरी वेगाचा रकाना काढून टाका. या उत्तराने पालक बुचकळ्यात पडतात आणि मुलगा नाराज होतो. म्हणून जरा सविस्तर लिहावे म्हटले.

आधी हे यंत्र करते काय, ते पाहू. पुष्कळांचा समज असा, की वरून उपग्रह आपल्याकडे बघत असतो आणि आपण कुठे आहोत ते सांगतो. तसे काही नसते. उपग्रहाला आपला पत्ताही नसतो. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे हे उपग्रह अत्यंत अचूक अणुघड्याळे घेऊन फिरतात आणि 'मी अमुक, आत्ता इतके वाजले' एवढेच सतत सांगत राहतात. आपले यंत्र ते नुसते ऐकते. निरनिराळ्या उपग्रहांचा निरोप पोचायला किती वेळ लागला त्यावरून कोणता किती दूर आहे याचा हिशेब करते, आणि चार उपग्रह ऐकू आले की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते काढते. ही व्यवस्था मुळात अमेरिकी सैन्याची. १९९५ साली ती पूर्ण झाली. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात त्या काळी मुद्दाम चूक घातलेली असे, तिच्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकण्यात आली आणि मग हे तंत्र मोटारीत, फोनमध्ये आणि २००५-०६ च्या सुमारास सायकलच्या हँडलवर येऊन बसले. रशियाचे, युरोपचे उपग्रहही आता जोडीला आहेत आणि २०१३ पासून भारतानेही आपले उपग्रह सोडायला सुरुवात केली.

किती गेलो ते मोजायची हौस मात्र त्याहून पुष्कळ जुनी. अमेरिकेत १८९५ साली कर्टिस व्हीडर नावाच्या गृहस्थाने सायकलच्या चाकाचे फेरे मोजणारे छोटे यंत्र काढले. स्पोकला लावलेली खुंटी दर फेऱ्याला एका दातेरी चाकाला टिचकी मारी आणि आकडे पुढे सरकत. पुढे लोहचुंबकाची आणि बॅटरीची यंत्रे आली. गंमत अशी, की चाकाचे फेरे मोजणारे यंत्र सरळ रस्त्यावर वेगाच्या बाबतीत उपग्रहाइतकेच, कधी कधी त्याहून भरवशाचे असते. दाट झाडीत, घाटाच्या कपारीत उपग्रह नीट ऐकू येत नाहीत आणि यंत्राचा वेग उगीच वर-खाली उड्या मारतो. म्हणून महागडी यंत्रे घेणारी मंडळी चाकाला पुन्हा एक वेगळा मोजणारा बसवतात. म्हणजे फिरून व्हीडरसाहेबांकडेच.

उंचीचा हिशेब तर याहून मजेदार. उपग्रहावरून काढलेली उंची फारशी भरवशाची नसते, म्हणून बऱ्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा छोटा मापक असतो. दाब कमी झाला की यंत्र समजते, आपण वर चढलो. पण दाब हवामानानेही बदलतो. एक मिलिबार दाब घसरला की यंत्राला आठ-नऊ मीटर चढल्यासारखे वाटते. पावसाळ्यात ढग भरून आलेल्या दिवशी मी सकाळी घरातून निघून दुपारी परत आलो, तर यंत्राच्या मते माझे घर तेवढ्यात वीस मीटर वर गेलेले असते. पावसाचे पाणी त्या मापकाच्या बारीक भोकात शिरले तर विचारूच नका. सपाट रस्त्यावर पन्हाळा चढल्याचे पुण्य मिळते.

या चुका निरुपद्रवी आहेत. त्यांना हसता येते. सरासरीला मात्र हसता येत नाही, कारण तिच्यात चूक नसते. आकडा बरोबर असतो. अर्थ फसवा असतो.

साधा हिशेब करू. कागलहून निपाणी ढोबळमानाने वीस किलोमीटर धरा. वारा नसताना एखादा ताशी २५ किलोमीटरने गेला आणि आला, तर चाळीस किलोमीटरला त्याला ९६ मिनिटे लागतील. आता आषाढातला वारा घ्या. जाताना तो तोंडावर येतो, वेग २० वर उतरतो. येताना तोच पाठीवर घेतला की वेग ३० होतो. पाच गेले, पाच आले, फिट्टंफाट! पण तसे होत नाही. जायला ६० मिनिटे लागली, यायला ४०, एकूण १००. सरासरी २५ ऐवजी २४. माणूस तोच, कष्ट तेवढेच, किंबहुना जास्तच, आणि यंत्र म्हणते आज तू कमी पडलास. चढाचे गणित याहून क्रूर. निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट आहे. तो समजा कोणी दहाच्या वेगाने चढला आणि चाळीसच्या वेगाने उतरला, तर सरासरी पंचवीस येत नाही, सोळा येते. कारण माणसाचा वेळ जातो तो हळू चालण्यात. जोरात चालण्यात तो तितकासा वाचतच नाही. शाळेत सातवी-आठवीला हे गणित आपण सगळ्यांनी सोडवलेले असते, पण हँडलवर आकडा लुकलुकायला लागला की ते कोणाला आठवत नाही.

शिवाय वेग वाढवण्याची किंमत सरळ हिशेबाने वाढत नाही. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक बळ हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी २५ वरून ३० वर जायला हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे पावणेदोनपट होते. पाच किलोमीटरची ही वाढ ऐकायला क्षुल्लक, पायांना मुळीच क्षुल्लक नाही.

थोर खेळाडूंनाही ही हवा चुकलेली नाही. एका तासात किती अंतर, हा सायकलीतला सर्वांत मानाचा विक्रम. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली तो करायला मेक्सिको सिटी गाठली ती उगीच नाही. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच, तिथली हवा विरळ. मर्क्स तासाला ४९.४३१ किलोमीटर गेला. इटलीचा फिलिपो गान्ना २०२२ साली स्वित्झर्लंडमध्ये छपराखालच्या ट्रॅकवर ५६.७९२ किलोमीटर गेला. खास त्या कामासाठी घडवलेली सायकल आणि हवा कापणारे कपडे यांच्यासह. यावरून गान्ना मर्क्सपेक्षा सात किलोमीटरने थोर ठरतो, असे कोणी जाणता म्हणणार नाही. आकड्यात पाय असतात तशी हवा असते, रस्ता असतो आणि पैसाही असतो.

हे सगळे पुस्तकी वाटेल. माझ्या शेजारी जे घडले ते सांगतो.

शेजारच्या घरातला मुलगा एकोणीस वर्षांचा. अभ्यासात बरा, पायात जोर, स्पर्धेत उतरायची इच्छा. वडिलांनी हप्त्यावर सायकल घेऊन दिली आणि मामाने मीटर. रोज पहाटे निपाणी आणि परत, हा नेम. महिन्याभरात सरासरी २६ वरून २८ वर गेली. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. त्याने मनाशी ३० हा आकडा धरला. आकड्याला तसे काही कारण नव्हते. तो गोल होता एवढेच. पुढच्या महिन्यात सरासरी २८ वर अडली, मग उतरायला लागली. मुलगा अधिक जोर लावू लागला, ती अधिक उतरली. एके दिवशी त्याची आई मला म्हणाली, "भाऊजी, ह्याचं काय बिनसलंय कळंना. रात्री झोप न्हाई, जेवताना त्या मीटरातच बघतोय, काय बोलाय गेलं की अंगावर येतोय." तिला वाटले होते प्रेमप्रकरण असावे. मी त्याला सकाळी अंथरुणातच नाडी मोजायला सांगितली. पूर्वी पंचावन्नच्या आसपास असायची ती सत्तरीला टेकली होती. अति सरावाची ही अगदी ओळखीची खूण. मी त्याला आठ दिवस सायकल बंद ठेवायला सांगितले. तो तोंडदेखले हो म्हणाला.

नोव्हेंबरची पहाट. जाताना धुके होते, शिवाय महामार्ग सहापदरी करण्याच्या कामामुळे मध्ये वळसे. निपाणीला पोचताना सरासरी २६ दिसत होती. तिला परतीच्या वाटेवर ३० वर आणायचे तर उरलेले वीस किलोमीटर साडेपस्तीसच्या वेगाने यावे लागते. हा हिशेब त्याने केला नव्हता. यंत्राचा आकडा दशांशादशांशाने वर सरकताना बघत तो पायडल मारत होता. दूधगंगेच्या पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेला उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ठेवलेला एखादा दगड किंवा झाडाची फांदीसुद्धा नाही. ताशी पस्तीसच्या वेगात सायकल एका सेकंदाला जवळजवळ दहा मीटर जाते. दोन सेकंद मान खाली घालून आकडा बघितला की वीस मीटर रस्ता न बघता गेला. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. खांद्याजवळचे हाड मोडले, सायकलचा पुढचा चिमटा दुमडला.

दवाखान्यात त्याच्या वडिलांनी ते मीटर माझ्या हातात दिले. पडद्याला चरा पडला होता, पण ते चालू होते. सायकल थांबली की वेळ मोजणे आपोआप थांबवायची सोय या यंत्रांत असते. चहाला, सिग्नलला थांबल्यावर सरासरी खाली येऊ नये म्हणून ती केलेली. तिने आपले काम चोख केले होते. मुलगा रस्त्यावर पडला त्या क्षणी घड्याळ थांबले होते आणि सरासरी २९.५ वर शाबूत होती.

ट्रॉलीवाल्याचा दोष मी कमी लेखत नाही. गळीत हंगाम आला की बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, दर वर्षी रिफ्लेक्टर लावण्याच्या सूचना निघतात, पंधरवडाभर लाल पट्ट्या चिकटवण्याचे फोटो छापून येतात आणि पुढे सगळे थंडावते. यावर लिहायचे तर वेगळा लेख होईल. पण ट्रॉली तिथे होती, तशा त्या दर हंगामात असतात, हे कागल तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते ठाऊक असलेल्या मुलाची मान कशामुळे खाली गेली, हा माझा प्रश्न आहे.

त्याच यंत्राच्या खोक्यात छातीला बांधायचा एक पट्टा होता. तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेला नव्हता. सगळ्या यंत्रात किमतीला जागणारी वस्तू कोणती असेल, तर ती ही. हृदयाचे ठोके छातीवरून बिनतारी मोजायचे तंत्र फिनलंडमधल्या पोलर कंपनीने १९८२ साली बाजारात आणले. त्याआधी खेळाडू मानेला बोट लावून मोजत. रस्ता, वारा, चढ, डांबराची प्रत यांपैकी कशाचेही ठोक्यांपुढे चालत नाही. वेग दहा असो की तीस, शरीराला किती पडते आहे ते ठोके सांगतात. तेही बिनचूक नसतात म्हणा. एप्रिल-मेच्या उन्हात तोच वेग ठेवला तरी तासाभराने ठोके वर सरकतात, कारण हृदयाला पायांबरोबर कातडीलाही रक्त पुरवून अंग थंड ठेवायचे असते. आणि 'दोनशे वीसमधून वय वजा करा' हे सर्वोच्च ठोक्यांचे सूत्र इतके ढोबळ आहे, की माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तरीही रोज तोच माणूस, तीच छाती, तोच पट्टा असला की महिन्याभरात कल कळतो.

आणि हा कल काय शिकवतो? हळू चालवायला. ऐकून आश्चर्य वाटेल. स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या संशोधकाने अव्वल धावपटू, स्कीपटू, नौकापटू यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की ही मंडळी साधारण ऐंशी टक्के सराव अगदी सावकाश करतात. शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. उरलेला थोडा सराव मात्र जीव तोडून. हौशी माणसाचे उलट होते. तो रोज मध्यम जोराने दामटतो. ना विश्रांती, ना कस. सरासरीच्या आकड्याला हेच हवे असते, कारण सावकाश गेलेला दिवस सरासरीत पराभव म्हणून नोंदला जातो. ठोक्यांच्या रकान्यात तोच दिवस काम झाले म्हणून दिसतो. एकच यंत्र, पण कोणता रकाना बघता त्यावर ते गुरू होते की सावकार, हे ठरते.

जाणकार यावर म्हणतील, की खरे माप वॅटचे. बरोबर आहे. जर्मनीतल्या उलरिश शोबरर या अभियंत्याने १९८६ साली पायडलच्या दांड्यात बसणारे शक्तिमापक बनवले. पाय जोर देतो तेव्हा धातू केसाच्याही अंशाने वाकतो. ते वाकणे मोजून किती शक्ती लागली ते काढतात. वारा असो, चढ असो, वॅट फसवत नाही. पण त्यासाठी यंत्राच्या किमतीइतकेच आणखी पैसे मोजावे लागतात, आणि ज्या घरात सायकलच हप्त्यावर आली आहे तिथे त्या पैशाला दुसरी शंभर कामे असतात. ज्याला पट्टाही घ्यायचा नाही त्याने बरोबरच्याशी बोलत चालवावे. वाक्य मध्ये तुटायला लागले की जोर जास्त झाला. हे माप फुकट आहे आणि कोल्हापूरकरांना बोलायला शिकवावे लागत नाही.

सरासरी किती बिनमहत्त्वाची आहे, हे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना विचारावे. 'ब्रेव्हे' नावाच्या मोहिमा आता महाराष्ट्रात पुण्या-मुंबईपासून ठिकठिकाणी होतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत संपवायचे. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आला तो आला. दोनशेचा हिशेब केला तर ताशी पंधरा किलोमीटरही पडत नाहीत, पण यात घड्याळ कशासाठीही थांबत नाही. जेवण, पंक्चर, डुलकी, सगळे त्यातच. या पद्धतीची मोठी वारी म्हणजे १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस. बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत. २०१९ आणि २०२३ साली भारतातूनही मोठ्या संख्येने लोक तिला गेले. आणि अमेरिका आडवी ओलांडायची जी शर्यत जगात सर्वांत कठीण मानली जाते, तिचे काय? सुमारे ४,८०० किलोमीटर. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकेकट्याने पुरी केली. एकट्याला मुदत बारा दिवसांची असते. भागाकार करून पाहा: अहोरात्र धरून ताशी सतरा किलोमीटरसुद्धा पडत नाहीत! त्या सतरात वाळवंट आहे, रॉकी पर्वत आहेत आणि दिवसाकाठी दोन-तीन तासांची झोप आहे. आमच्या निपाणी रस्त्यावरचा कोणीही कॉलेजकुमार तो आकडा बघून नाक मुरडेल.

मग या यंत्राचे चांगले गुण कोणते? पुष्कळ आहेत. आडवाटेला लागायचे असेल तर नकाशा मोलाचा. महामार्ग सोडून सिद्धनेर्ली, व्हनूर, केनवडे, गोरंबे अशा गावांच्या आतल्या रस्त्यांनी फिरताना फाट्याफाट्यावर थांबून विचारावे लागत नाही; विचारले तर चार गोष्टी कळतात हे खरे, पण पहाटे पाच वाजता फाट्यावर विचारायला कुत्र्याखेरीज कोणी नसते. पाठीमागून येणारी वाहने ओळखणारा रडारचा दिवा २०१५ च्या सुमारास निघाला. तो सीटखाली बसवला की दीडशे मीटरच्या आतले वाहन हँडलवरच्या पडद्यावर ठिपका होऊन दिसते. महामार्गावर हा ठिपका सरासरीपेक्षा शतपट उपयोगाचा. अर्थात तो फक्त मागचे सांगतो. समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे रडार अजून कोणी शोधलेले नाही.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. यंत्रातली नोंद घरी आल्यावर फोनमार्फत स्ट्राव्हासारख्या ठिकाणी जाते. तिथे कोण कुठून निघाले, किती वाजता, कोणत्या रस्त्याने, कुठे थांबले हे नकाशावर रेघ ओढून दिसते. ही रेघ किती बोलकी असते ते जगाला जानेवारी २०१८ मध्ये कळले. स्ट्राव्हाने सगळ्यांच्या रेघा एकत्र करून काढलेल्या नकाशात निर्जन वाळवंटातले लष्करी तळ चमकताना दिसले, कारण तिथले सैनिक घड्याळे लावून तळाभोवती धावत होते. सैन्याचा तळ जिथे लपत नाही तिथे आपल्या गल्लीतले घर काय लपणार! रोज साडेपाचला त्याच दारातून निघणाऱ्या मुलीची रेघ अनोळखी माणसाला दिसायचे काही कारण नाही. घराभोवतीचा भाग झाकायची आणि नोंद फक्त ओळखीच्यांना दाखवायची सोय त्यात आहे. ती पहिल्या दिवशी चालू करावी आणि मुलीला सायकल बंद करायला सांगू नये. 'रेघ दिसते म्हणून तू जाऊ नकोस' हे उत्तर आपल्याकडे फार लवकर सुचते.

याच ठिकाणी रस्त्याचे तुकडे पाडून त्यावर कोण सर्वांत वेगाने गेला याची यादीही लागते. चढाच्या तुकड्यांना माझी हरकत नाही. चढावर माणूस फार तर दमतो. उताराच्या तुकड्यांची यादी मात्र मला मान्य नाही. अमेरिकेत २०१० साली अशाच एका उतारावरचे आपले नाव परत मिळवायच्या प्रयत्नात एक सायकलस्वार मोटारीवर आदळून गेला. घरच्यांनी कंपनीवर दावा लावला, तो २०१३ मध्ये फेटाळला गेला. कायद्याने कंपनी सुटली. तवंदीच्या उतारावर ट्रकांच्या मधून यादीतला नंबर काढायला जाणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी तो निकाल वाचून ठेवावा.

शेजारचा मुलगा दीड महिन्याने पुन्हा सायकलवर बसला. त्याच्या आईला वाटत होते, यंत्र विहिरीत टाकून द्यावे. मी नको म्हणालो. मामाचे पैसे आहेत, शिवाय दोष पडद्याचा आहे, आणि पडदा बदलता येतो. आता त्याच्या मीटरवर चारच रकाने आहेत: किती वेळ झाला, किती अंतर, ठोके किती आणि मिनिटाला पायडलचे फेरे किती. वेगाचा रकानाही त्याने काढला. निपाणीऐवजी तो बहुतेक दिवस मुरगूडकडे जातो आणि पुढे वळून आतल्या रस्त्यांनी येतो. सकाळची नाडी पुन्हा पंचावन्नवर आली आहे. स्पर्धेत उतरेल की नाही ते त्याचे तो ठरवेल.

सरासरीचा रकाना काढायला दोन मिनिटे लागतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या रकान्याच्या जागी ठोके निवडायचे, एवढेच. ज्यांना जमत नसेल त्यांनी रविवारी साडेआठच्या पुढे गैबी चौकात यावे. आम्ही चार-पाच जण तिथे चहाला असतो. करून देऊ. मुलाला मात्र बरोबर आणा, त्याच्या माघारी करणार नाही.